माळ्यावरचं खोकं, किंवा 'त्यात जपण्यासारखं काय आहे?'

तर झालं असं, की आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्याचं एकदाचं ठरलं. भाडेकरू, हिस्सेदार, नकाशा, पुन्हा हिस्सेदार अशी वीसेक वर्षं भिजत पडलेलं घोंगडं शेवटी सह्या होऊन वाळत पडलं. वाडा पाडायचा म्हणजे आधी माळे रिकामे करायला हवेत. त्यामुळे रोज संध्याकाळी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो येऊ लागले. तांब्याचा बंब (तीन जणांनी मागितला, तिघांपैकी एकाच्याही फ्लॅटमध्ये तो पेटणार नाही), पितळी डबे, जातं, पाट, आजोबांची काठी, कुणाची तरी पाटी-पेन्सिल. प्रत्येक फोटोखाली हळवे उद्गार. मीही दोन-चार टाकले, खोटं कशाला बोलू.

मग एक फोटो आला: पुठ्ठ्याचं खोकं, आत काळा कीबोर्ड, गुंडाळलेल्या वायरी, सतरा कॅसेट आणि एक चौकटीची वही. खाली अण्णाकाकांचा शेरा: 'यात गेम्स आहेत. भंगारात देतोय. त्यात जपण्यासारखं काय आहे?' त्याखाली अकरा अंगठे.

मी लिहिलं, 'थांबा.' मग जे व्हायचं ते झालं. दीड तासाने आत्याने फर्मान काढलं, 'तुला एवढं लिहायचंय तर तुझ्या ब्लॉगवर लिही, इथे सकाळी सुविचार येऊ देत.' आज्ञा शिरसावंद्य. म्हणून हे इथे लिहितोय. काका, तुम्ही हे वाचणार आहात हे मला माहीत आहे. रागावू नका, पण तुमचं चुकतंय.

आधी त्या खोक्यात काय आहे ते सांगतो, कारण अंगठे देणाऱ्या अकरातल्या किमान सात जणांना ते ठाऊक नसणार.

तो काळा कीबोर्ड म्हणजे नुसता कीबोर्ड नाही, अख्खा संगणक त्याच्या पोटात आहे. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या केंब्रिजमधल्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये 'झेडएक्स स्पेक्ट्रम' नावाचा घरगुती संगणक काढला. १६ केबी स्मृतीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ पौंडांना. केबी म्हणतोय, एमबी नाही. १९८४ साली त्याची जरा बऱ्या कळांची 'स्पेक्ट्रम प्लस' आवृत्ती आली. आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तोच संगणक आपल्याकडे रीतसर परवान्याने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विकला जाऊ लागला. विकणारी कंपनी होती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स, आपल्या पुण्याची. सी-डॅक पुण्यात १९८८ साली सुरू झालं आणि १९९१ साली त्यांचा 'परम' महासंगणक आला, याचा अभिमान आपल्या सगळ्यांना आहे, तो असायलाच हवा. पण त्याच सुमाराला याच शहराचा एक छोटा संगणक पेठांमधल्या घरात टीव्हीखाली बसला होता, हे आपण पार विसरलो. तो बंब पुण्यात झाला का, हे कुणालाच माहीत नाही, तरी त्यासाठी तिघे भांडतायत. हे यंत्र पुण्याचं आहे नि भंगारात निघालंय.

आमच्याकडे तो दादासाठी आला. दादा म्हणजे अण्णाकाकांचा मोठा, माझा चुलतभाऊ. काकांनी कर्ज काढलं होतं, तेही मला माहीत आहे. उद्देश 'मुलगा कॉम्प्युटर शिकेल' हा. संगणक मधल्या खोलीतल्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडला जायचा आणि शेजारी टेपरेकॉर्डर. त्या काळी गेम कॅसेटवर असायचे. कॅसेट लावली की चार-पाच मिनिटं कर्कश किंकाळ्या, टीव्हीच्या कडेला धावणारे पट्टे. आवाज एका विशिष्ट जागी नसेल तर शेवटच्या क्षणी 'टेप लोडिंग एरर', पुन्हा पहिल्यापासून. आजी एकदा देवघरातून ओरडली होती, 'अरे कुणाच्या पायाखाली मांजर आलं?'

सतरातल्या एका कॅसेटवर 'पेनिट्रेटर' होता. माझा सगळा वाद या एका गेमवर उभा आहे, म्हणून तो जरा नीट सांगतो.

१९८१ साली कोनामी या जपानी कंपनीने 'स्क्रॅम्बल' नावाचा गेम काढला, नाणं टाकून खेळायच्या यंत्रांसाठी. तुमचं विमान डावीकडे, डोंगरदऱ्या उजवीकडून सरकत येतात, जमिनीवरून क्षेपणास्त्रं उडतात. पुढे गोळ्या झाडायच्या, खाली बॉम्ब टाकायचे. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या फिलिप मिचेल आणि वेरोनिका मेग्लर यांनी तशाच धर्तीचा 'पेनिट्रेटर' स्पेक्ट्रमसाठी लिहिला. 'हॉबिट' हा त्या काळचा गाजलेला शब्दांचा गेमही या दोघांनीच केलेला. म्हणजे एका बाजूला कादंबरीवरचा गेम, दुसऱ्या बाजूला धडाधड गोळ्या. माणसं तीच.

'गोळ्या झाडणं, त्यात काय मोठंसं?' असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशोब. (ज्यांना हिशोबाचा कंटाळा त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी.) स्पेक्ट्रमचं टीव्हीवरचं चित्र २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचं. ते साठवायला ६,१४४ बाइट लागतात, रंगांचे ७६८ वेगळे. चित्र आपोआप सरकवायची सोय या यंत्रात नव्हती. कमोडोर ६४ मध्ये ती होती, यात नाही. डोंगर सरकवायचा तर चित्रातला एकेक बाइट उचलून शेजारी ठेवायचा. त्याच्या झेड-८० प्रोसेसरची ठोकळ सूचना वापरली तर एका बाइटला २१ ठोके. म्हणजे पूर्ण चित्राला १,२९,०२४ ठोके. आणि टीव्हीवरची एक चौकट बदलून दुसरी यायच्या आत प्रोसेसरला मिळतात ६९,८८८ ठोके. दोन चौकटींचा वेळ नुसता जागा बदलण्यात जवळजवळ संपला; शत्रू, गोळ्या, आवाज, गुण, कळ दाबली का हे बघणं, सगळं अजून बाकीच. शिवाय एकेक बाइट सरकवला तर डोंगर आठ-आठ ठिपक्यांच्या उड्या मारत जाणार. तरीही हे गेम चालायचे. कारण लिहिणाऱ्यांनी एकेक ठोका वाचवला. डोंगराचा आतला भाग सगळा सारखा असेल तर तो हलवायचाच कशाला, नुसती कड बदला, अशा युक्त्या. पगडीचा पीळ किंवा पैठणीचा पदर बघून आपण 'काय कसब आहे' म्हणतो. हेही कसबच आहे. ४८ केबीत बसवलेलं, म्हणजे या लेखाबरोबर मी टाकू शकेन अशा एका साध्या फोटोपेक्षा कितीतरी कमी जागेत.

पण माझा मुद्दा मिचेल-मेग्लर यांच्या कसबाचाही नाही. ते जपायला जग समर्थ आहे. माझा मुद्दा 'पेनिट्रेटर'मधल्या एका सोयीचा आहे, जी त्या काळच्या फार थोड्या गेममध्ये होती. त्यात डोंगर स्वतः बदलता यायचे. जमीन वरखाली करा, गुहेचं छत वरखाली करा, क्षेपणास्त्रं नि रडार कुठे ठेवायची ते ठरवा, आणि आपला प्रदेश कॅसेटवर साठवून ठेवा. १९८२ साली!

दादाने तेच केलं. त्या चौकटीच्या वहीत त्याचे आराखडे आहेत. पहिल्या टप्प्यात आमच्या गच्चीवरून दिसायचं ते आकाश: पर्वती, मागे सिंहगड, आणि सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा आहे म्हणून तिथे एक रडार. पुढे नदी म्हणून सपाट पट्टा. आणि शेवटच्या टप्प्यातली अरुंद गुहा म्हणजे आमच्या वाड्याचा बोळ. त्या बोळाच्या दाराची चौकट इतकी खाली आहे, की गेल्या शंभर वर्षांत आमच्याकडच्या प्रत्येक नव्या जावयाने तिथे कपाळमोक्ष करून घेतलाय. दादाने नेमक्या त्या जागी छत खाली आणलं होतं. ते पार करणं मला कधीच जमलं नाही.

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो. त्यात जपण्यासारखं काय आहे?

पहिलं उत्तर, जे ग्रुपवर माझ्या बाजूने बोलणाऱ्या दोघांनी दिलं, ते मला मान्य नाही. ते म्हणाले, 'अहो, असेच गेम खेळून पोरं संगणक शिकली, आयटीत गेली, म्हणून जपा.' ही पुणेरी खोड आहे. कुठल्याही गोष्टीचा शेवट हिंजवडीत झाला तरच ती गोष्ट चांगली. गाणं शिकलास? गणितात एकाग्रता वाढते. बुद्धिबळ? स्कॉलरशिपला उपयोग होतो. दादा आयटीत गेला नाही. तो बी.कॉम. झाला, एका सहकारी बँकेत चिकटला, आणि तीस वर्षं नीट नोकरी केली. त्या संगणकाचा त्याला नोकरीत दमडीचा उपयोग झाला नाही. काकांच्या मते म्हणूनच तो पैसा वाया गेला, आणि गेली पस्तीस वर्षं प्रत्येक मुंजी-लग्नात ते हे दादाच्या तोंडावर बोलून दाखवतात. हसत हसत, पण बोलतात. दादाही हसतो. ग्रुपवरच्या अकरा अंगठ्यांत एक अंगठा दादाचाच होता. काका, मला राग भंगारवाल्याचा नाही आला, त्या अंगठ्याचा आला.

कारण त्या उन्हाळ्यात सोळा वर्षांच्या त्या मुलाने घरातल्या कुणीही केलं नव्हतं असं काहीतरी केलं होतं. मेलबर्नच्या दोघांनी एका जपानी कल्पनेवरून केलेला खेळ, केंब्रिजमध्ये जन्मलेलं आणि पुण्याहून विकलेलं यंत्र, आणि त्यात त्याने आपली गच्ची, आपला सिंहगड, आपला बोळ बसवला. शिकवायला कुणी नाही, मराठीत एक ओळ माहिती नाही, बक्षीस नाही. त्याच वयात एखाद्याने वहीत कविता लिहिल्या असत्या तर आज त्या वहीचा फोटो ग्रुपवर आला असता आणि डोळ्यांत पाणी आलं असतं. कवितांचाही नोकरीत उपयोग होत नाही. त्यांना मात्र कुणी जाब विचारत नाही.

दुसरा आक्षेप आत्याचा: 'अरे पण गेम तो गेम. पाट-जातं ही संस्कृती आहे.' आत्या, आपल्याच गावातला दाखला देतो. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, लामणदिवे, दरवाज्यांच्या चौकटी, कंगवे गोळा केले, तेव्हा ती लोकांनी अडगळीत टाकलेली रोजच्या वापराची भांडीकुंडीच होती. आज शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या संग्रहालयात पाहुण्यांना आपण अभिमानाने नेतो. त्याआधी राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या घरातली दप्तरं मिळवत होते, १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. ते नसते तर त्यातले किती कागद रद्दीत गेले असते देव जाणे. सिनेमाचंही तेच. 'आलम आरा' हा १९३१ चा आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. चित्रपट जपायचे असतात हे ठरवून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात सुरू व्हायला १९६४ साल उजाडलं. प्रत्येक वेळी क्रम एकच: आधी 'त्यात काय आहे', मग पन्नास वर्षांनी 'अरेरे'. आणि एका दिवसात काय काय जातं हे आपल्या पेठेला कुणी शिकवायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं पाणी शनिवार पेठेत शिरलं, तेव्हा काय वाहून गेलं याची यादी आजीला शेवटपर्यंत पाठ होती. ते पाणी तरी न विचारता आलं होतं. इथे आपण अंगठे देऊन पाठवतोय.

तिसरा आक्षेप धाकट्या काकांच्या सुनेचा, म्हणजे आमच्या वहिनीचा, आणि तो सगळ्यात खरा. तिने खाजगीत विचारलं, 'भाऊजी, तुम्ही गेमचं एवढं कौतुक लिहिणार, आणि आमचा चिरंजीव ते वाचून मोबाइल मागणार. मी काय सांगू?' वहिनी, मी सगळ्या गेमची वकिली करत नाहीये. सगळी पुस्तकं चांगली नसतात, तसंच हेही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा केला, त्यातही ई-स्पोर्ट्स आणि साधे करमणुकीचे खेळ वेगळे काढले. म्हणजे कायद्याला जो फरक कळतो तो आपल्या ग्रुपला कळत नाही. चिरंजीवांच्या गेमला दोनच प्रश्न विचारा. तो दर पाच मिनिटांनी काहीतरी विकत घ्यायला सांगतो का? आणि त्यात पोराला स्वतःचं काही करता येतं का? दुसऱ्याला 'हो' म्हणणारे गेम आजही आहेत. माइनक्राफ्टमध्ये मुलं किल्ले बांधतात, एमआयटीच्या स्क्रॅचमध्ये २००७ पासून स्वतःचे खेळ करतात. दिवाळीत त्याला मातीच्या किल्ल्याबरोबर तिथेही सिंहगड करायला सांगा. 'आमच्या वेळचंच चांगलं' असं मी म्हणत नाही. आमच्या वेळी सतरातल्या चौदा कॅसेट निव्वळ टाइमपास होत्या. आणि हो, त्यातल्या बऱ्याच इकडून तिकडून उतरवून घेतलेल्या होत्या, म्हणजे चोरीच्याच. त्याचं समर्थन नाही.

चौथा आक्षेप मुलाच्या वयाच्या भाच्याने काढला: 'मामा, तो गेम इंटरनेटवर फुकट चालवता येतो. कॅसेट कशाला?' शाबास, हा आक्षेप अभ्यास करून आलाय. खरंच, १९९५ पासून जगभरच्या हौशी मंडळींनी स्पेक्ट्रमचे हजारो गेम जतन केले. सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय १९८६ साली अ‍ॅमस्ट्रॅडने विकत घेतला होता, त्यांनीही स्पेक्ट्रमच्या रॉमची प्रत या अनुकरण करणाऱ्या प्रोग्रॅमबरोबर फुकट वाटायला परवानगी दिली. 'पेनिट्रेटर' सुरक्षित आहे. पण भाचेबुवा, त्या 'पेनिट्रेटर'मध्ये मेलबर्नचे डोंगर आहेत. शनिवार पेठेचा बोळ जगात फक्त एका कॅसेटवर आहे, आणि तिच्यावर गेली पस्तीस वर्षं पावसाळ्याची ओल चढतेय. ब्रिटनमधल्या हौशी माणसाने त्याच्या देशाचं जपलं. आपलं आपण जपायचं, ते त्याचं काम नाही.

आता एवढं भांडून मी काय केलं ते सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता बोलतो.

खोकं मी घरी आणलंय. यंत्र चालू होत नाही, होईल अशी आशाही नाही. कॅसेटसाठी एक जुना टेपरेकॉर्डर मिळवला, त्याचं हेड स्क्रू-ड्रायव्हरने केसभर इकडेतिकडे करून आवाज स्वच्छ केला (दादाचीच युक्ती), आणि तो आवाज लॅपटॉपवर ध्वनिमुद्रित केला. लॅपटॉपमधला नकली स्पेक्ट्रम तो ऐकून लोड करतो. 'ए' बाजू तीनदा चुकली. तीच जुनी टेप लोडिंग एरर. 'बी' बाजूवर दादाने दुसरी प्रत ठेवली होती. ती चौथ्या वेळी चढली.

रविवारी दादाला बोलावलं. काही सांगितलं नाही, नुसता लॅपटॉप समोर ठेवला. पर्वती आली, सिंहगड आला, मनोऱ्यावरचं रडार आलं. दादा काही बोलला नाही. तीन टप्पे त्याने एकही विमान न घालवता पार केले. मग बोळ आला. चौकटीला आपटला. पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा आपटल्यावर म्हणाला, 'हे छत एक घर वर घ्यायचं होतं. परीक्षा आली, राहूनच गेलं.'

मग त्याने वही मागितली. घेऊन गेलाय घरी.

तर मंडळी, विनंती एवढीच. तुमच्याही माळ्यावर असं खोकं असेल. भंगारात देण्याआधी कॅसेट-फ्लॉपी कुणा जाणकाराकडून उतरवून घ्या, आणि ते कुणाचं होतं, त्याने त्यावर काय केलं, हे एका कागदावर लिहून ठेवा. यंत्र ठेवायला जागा नसेल तर नका ठेवू, पण कागद ठेवा.

आणि काका, तुम्ही या रविवारी या. बंबाचं काय ते ठरवू, आणि दादाने सोळाव्या वर्षी काय केलं होतं ते एकदा बघा. पस्तीस वर्षांत तुम्ही ते एकदाही बघितलेलं नाही. डोकं सांभाळून आत या, बोळ अजून उभा आहे.